सासूच्या व्हिडिओखाली माझी कमेंट

मैत्रिणींनो, आज डोकंच फिरलंय माझं.

एक पोरगी सासूची नक्कल करून व्हिडिओ टाकतीया. तोंडावर मांजराचा फिल्टर, चेहरा कळत न्हाय. हसून हसून मी कमेंट टाकलेली, ‘असली सासू वैऱ्यालाबी मिळू नये गं बाई!’

सकाळी नवा व्हिडिओ आला. सासू व्याह्यांच्या वाटीत तांबडा रस्सा ओतत म्हणतीया, ‘घ्या की पावणं, रस्सा काय पोटात जागा अडवतोय व्हय?’

अगं, हे तर माझं बोलणं! रविवारी सुनेच्या वडलांना मीच वाढत होते. व्हिडिओत मागं दोरीवर साडीबी माझीच.

मायेनं वाढलं, त्याचा तमाशा केला पोरीनं.

आणि माझ्या त्या कमेंटला बदाम दिलाय. माझं नाव बघून दिलाय!

आता तीच सून जेवायला हाक मारतीया. कुठल्या तोंडानं जाऊ, सांगा की.