जरा चष्मा पकडा

सक्करदऱ्याचा हा फोटोग्राफर आमच्या नात्यातल्या प्रत्येक लग्नात असतो. चष्मा लावून कॅमेऱ्याला डोळा लावला की फोटोच्या कडा दिसत नाहीत आणि कोणाचं तरी डोकं कापलं जातं, म्हणून तो चष्मा काढतो. डोळ्याजवळची बारीक चकरी त्याने आपल्या नंबरावर फिरवून ठेवली आहे. काढलेला चष्मा मात्र खिशात जात नाही, तो कोणाच्या तरी हातात देतो. "पकडा जी जरा. एकच आहे, फुटला तं आंधळाच होऊन जाईन."

माझ्या मुलीच्या बिदाईला तो चष्मा माझ्या हाती आला. सकाळपासून मी मुलीकडे बघायचं टाळत होतो. मुलगी गळ्यात पडली आणि मी ओरडलो, "थांब वं, चष्मा फुटन ना!" रडता रडता ती हसली. तोच फोटो बैठकीत लावला आहे.

परवा साळ्याच्या मुलीच्या बिदाईला त्याने चष्मा काढला, तसा मी आपणहून हात पुढे केला.

"तुमचं झालं ना जी," तो म्हणाला, आणि चष्मा घेऊन नवरीच्या बापाकडे गेला.