हूकवाले व्याही

कोणाच्याही घरात शिरताना यजमानाच्या तोंडाकडे न बघता आधी छताकडे बघणारा एकच माणूस मला सबंध आयुष्यात भेटला, आणि माझं नशीब असं की तो माझा व्याही निघाला. आमच्या मीराला बघायला मंडळी आली, तेव्हा ती पोह्यांच्या बश्या घेऊन बाहेर आली, नवरा मुलगा लाजला, त्याची आई पदर सावरून बसली, आणि हे गृहस्थ मान वर करून आमच्या सिडकोतल्या घराचा स्लॅब न्याहाळत राहिले. पोरगी समोर अवघडून उभी. शेवटी बायकोनं कोपर मारलं तेव्हा त्यांनी मान खाली आणली आणि निकाल दिला, "पोरगी लई चांगली हाय. पर इवाईसाहेब, तुमच्या जिन्यावरचा पत्रा मोकळा हाय. लग्नाआधी बसवून घ्या." मी बांधकाम खात्यातून निवृत्त झालेला इंजिनियर. माझ्याच घरात, माझ्याच पत्र्याबद्दल, एक मंडपवाला मला सांगणार! मी मनातल्या मनात ते स्थळ तिथंच मोडून टाकलं. मीरानं ते पुन्हा जोडलं, ही गोष्ट वेगळी. पत्रा खरोखरच मोकळा होता. तो मी रविवारी गुपचूप बसवून घेतला आणि त्यांना कधी सांगितलं नाही.

मूळचे ते देवगाव रंगारीकडचे. घरी शेती, पण ह्यांचं मन मंडपात. कडक इस्त्रीचा पांढरा सदरा, दोन बोटांत अंगठ्या, आणि आवाज असा की लाऊडस्पीकरही त्यांचाच असून त्याची गरज पडत नसे. वाऱ्याशी त्यांचं जुनं वैर होतं. सिल्लोडला एका लग्नात अक्षता पडता पडता वावटळ आली आणि ह्यांचा अख्खा मंडप घेऊन गेली. ही हकीकत मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकली की मंडपाचा सगळा प्रवास मला पाठ आहे. पहिल्या वेळी तो शेजारच्या कपाशीत पडला होता. नातवंडाच्या जावळाच्या जेवणापर्यंत त्यानं जळगाव रस्ता ओलांडला होता. नातवंडं गोष्टी ऐकण्याच्या वयाची होईपर्यंत तो अजिंठ्याच्या डोंगराला जाऊन टेकला, आणि नवरदेवाची घोडी त्याच्या मागं धावत गेली ती परत आलीच नाही. "वारं म्हणजे बिनपत्रिकेचा पाव्हना," ते म्हणत. "येनार कधी ते सांगत नाय, आन् जाताना घरातलं काहीतरी उचलूनच नेतो." चैत्र लागला की ते दुपारी गच्चीवर उभे राहून ओलं बोट वर धरत आणि पश्चिमेकडे बघून अर्वाच्य शिव्या देत. खाली अंगणात मीरा पापड वाळत घालत असायची. तिला सुरुवातीला वाटलं, सासरे शेजाऱ्यांशी भांडतायत.

पण त्यांचा खरा राग दगडांवर होता. आमच्या भागात वस्त्या-वस्त्यांमधून घरावर पत्रे टाकतात आणि ते उडू नयेत म्हणून वर मोठाले धोंडे ठेवतात. पत्र्याला भोक पाडून खालच्या लोखंडी पाइपाला वाकडा हूक अडकवायचा आणि वरून वॉशर घालून नट आवळायचा, एवढं केलं की दगड लागत नाही. पण दगड फुकट मिळतो, हूक विकत आणावा लागतो. जोराचं वारं सुटलं की पत्रा जातोच, आणि जाताना धोंडा खाली झोपलेल्या माणसाच्या अंगावर टाकून जातो. व्याह्यांचा धोशा एकच. "पत्रा गेला तर दुसरा येईल. धोंडा काढा डोक्यावरचा." रस्त्यानं जाताना कुठल्या घरावर दगड दिसला की ते मोटारसायकल थांबवून सरळ दार वाजवत. एकदा पैठणला निघालेलं आमचं अख्खं कुटुंब ह्यांनी अशा थांब्यांपायी उन्हात ताटकळत ठेवलं. दर्शन राहिलं, पण तीन घरांवरचे दगड उतरले.

लग्नातल्या टॉवेल-टोपीशी त्यांचं दुसरं युद्ध. आपल्याकडे मांडवात एकेका पाहुण्याचं नाव पुकारून त्याला टॉवेल आणि टोपी देतात. ती कोणी वापरत नाही. कपाटात पडून राहते आणि पुढच्या लग्नात दुसऱ्याच्या डोक्यावर चढते. ह्यांनी एकदा एका टॉवेलाच्या कोपऱ्याला शाईचा ठिपका दिला. बऱ्याच वर्षांनी, अर्धा तालुका फिरून, तोच टॉवेल त्यांच्याच खांद्यावर आला. तेव्हापासून त्यांनी फर्मान काढलं: मला मान द्यायचा तर हूक द्या. ज्या लग्नाला ह्यांचा मंडप असे, तिथं यजमानाला ह्यांच्या हातात हूकची पिशवी ठेवावीच लागे. ते हूक ते वस्त्यांवर नेऊन, मंडपाची पोरं लावून, लोकांच्या पत्र्यांना बसवत. मीराच्या लग्नात मुलाचा बाप म्हणून त्यांना पहिला मान होता. आम्ही भरजरी फेटा आणला होता. त्यांनी तो बाजूला ठेवला आणि भर मांडवात विचारलं, "इवाई, माझे हूक?" मला माणूस पिटाळून शहागंजातलं हार्डवेअरचं दुकान उघडायला लावावं लागलं. मांडवात हशा पिकला आणि त्या दिवसापासून त्यांचं नाव पडलं, हूकवाले.

इथपर्यंत मी ही हकीकत अनेकदा सांगितली आहे आणि लोक हसले आहेत. इथून पुढची सांगितलेली नाही.

काही वर्षांपूर्वी वैशाखात मोठं वादळ झालं. कन्नड रस्त्याकडच्या एका वस्तीवर एकाही घरावर पत्रा राहिला नाही. आमच्या कॉलनीतल्या आम्ही निवृत्त मंडळींनी मदत समिती काढली आणि मी तिचा अध्यक्ष झालो. घरं पुन्हा उभी करण्यासाठी लोकांनी मनापासून दिलं, हे मला मान्य केलं पाहिजे. पत्रे, पाइप आणि हूक, सगळं बसेल एवढे पैसे जमले. पण मग एका देणगीदाराला पत्र्यावर आपलं नाव हवं झालं, ते बघून सगळ्यांनाच हवं झालं. नाव वरच्या बाजूनं रंगवायचं ठरलं. व्याही म्हणाले, "वरून कोन वाचनार? घारी?" मग हस्तांतरणाचा कार्यक्रम निघाला. शाली, नारळ, सन्मानचिन्हं, जेवण, फ्लेक्स. कशातून करायचं? समितीत कोणीतरी म्हणालं, हूक काय, नंतर घेता येतील, फोटोत थोडेच दिसतात. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. हूक नसलेला पत्रा म्हणजे काय, हे त्या खोलीत मला सोडून कोणाला नीट ठाऊक नव्हतं. नोकरीत मी ह्याच कारणावरून ठेकेदारांची बिलं अडवली होती. मी म्हणालो, "कार्यक्रम उरकू, मग बघू."

पत्रे चढवण्याचं काम व्याह्यांच्या पोरांनी फुकट केलं. त्यांच्याजवळ लग्नांतून जमलेले हूक होते ते काही घरांना पुरले. बाकीच्यांसाठी त्यांनी मला विचारलं. मी आठवड्याचा वायदा केला. माझ्या शब्दावर त्यांनी वस्तीला शब्द दिला, "हूक येतायत. तंवर दगड ठिवा." दगडाशी जन्मभर भांडलेल्या माणसानं स्वतःच्या तोंडानं लोकांना दगड ठेवायला सांगितलं, ते ह्या एकाच वेळी. कार्यक्रमाला मंडप त्यांचाच होता, तोही फुकट. त्यांनाही शाल दिली. माइक हातात आल्यावर त्यांनी ती शाल उलटीपालटी करून पाहिली आणि विचारलं, "ह्या शालीनं पत्रा बांधता येतो का, इवाईसाहेब?" लोक खदखदून हसले. सर्वांत मोठ्यानं मी हसलो.

आठवडा गेला, महिना होत आला. पावसाच्या तोंडावर पुन्हा वारं सुटलं. एका देणगीदाराचं नाव दुसऱ्या दिवशी कुणाच्या तरी मोकळ्या रानात उलटं पडलेलं सापडलं. जैतूनबी नावाची बाई वस्तीवर गोधड्या शिवून घर चालवायची. तिच्या उजव्या हातावर धोंडा पडला. हात राहिला, पण बोटांत सुई धरवेना.

वस्तीची माणसं कॉलनीच्या हॉलमध्ये आली. जैतूनबी गळ्यात हात बांधून पुढं बसली होती. तिनं विचारलं, "साहेब, हूक येनेवाले थे. किधर गये?" समिती जमिनीकडे बघत होती. मी अध्यक्ष. मी घसा साफ केला आणि म्हणालो, "फिटिंगचं सगळं आमचे व्याही बघत होते."

ह्या वाक्यात एक शब्द खोटा नव्हता. खात्यात राहून मी तेवढं शिकलो होतो. सगळ्यांच्या माना व्याह्यांकडे वळल्या. ते माझ्या शेजारीच होते. त्यांनी सवयीप्रमाणे हॉलच्या छताकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं. पुरणपोळीवर तूप कमी पडलं म्हणून पंक्तीत आवाज चढवणारा, मुलाचा बाप असल्याचा सगळा तोरा जन्मभर मिरवलेला हा माणूस. मी वाट बघत होतो. ते म्हणाले, "व्हय. माझंच चुकलं."

बाहेर मोटारसायकलपाशी मी त्यांना गाठलं. मला आभार मानायचे होते की भांडायचं होतं, मलाच कळत नव्हतं. ते किक मारता मारता थांबले. "मीरा माझ्या घरात हाय," ते म्हणाले. "रोज सकाळी उठून तिला माझ्या पायापासी चहा ठिवायचा असतो. तिच्या बापाचं असं ऐकून ती माझ्याम्होरं कोन्च्या तोंडानं उभी ऱ्हाईल? मला लोक काय, आधीच येडा म्हनतेत." आणि मग, जाता जाता, "जिन्याचा पत्रा बसवला ना तुमी? मला तवाच दिसला व्हता."

पुढं हूकवाल्यांचे हूकचोर झाले. लग्नांची आमंत्रणं कमी झाली, मंडपाला गिऱ्हाईक तुटलं. तरी कुठून कुठून जमवलेले हूक पोत्यात भरून ते वस्तीवर नेत राहिले. पहिल्यांदा जैतूनबीच्या पोरांनी पोतं रस्त्यावर भिरकावलं. "हमारा चुराया हुआ हमारेकूच लाके देते!" त्यांनी ते वेचलं, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा नेलं. असं करत करत वस्तीवरचे सगळे पत्रे हूकांवर आले. कार्यक्रम झाला नाही, फोटो निघाला नाही. मला हे मीराकडून कळायचं. ती म्हणायची, "बाबा, मामंजींनी तुमच्या समितीची इज्जत घालवली, म्हणून आता प्रायश्चित्त घेतायत बघा." आणि मी म्हणायचो, "जाऊ दे गं, मोठ्या मनाचे आहेत." असं बोलून पुन्हा चहा पिता येतो. मी प्यायलो आहे.

गेल्या दिवाळीनंतर व्याह्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. आता ते मीराच्या घरात पुढच्या खोलीत खाटेवर उताणे पडून असतात. उभ्या आयुष्यात लोकांची छतं बघत फिरलेल्या माणसाला देवानं आता एकच छत नेमून दिलं आहे.

मागच्या महिन्यात मी वस्तीवर गेलो. जैतूनबीला ओळख पटायला वेळ लागला. दारातच उभा राहून मी तिला सगळं सांगितलं. तिनं शांतपणे ऐकलं, डाव्या हातानं ओढणी नीट केली आणि म्हणाली, "साहेब, ये बात उनकी जबान चलती थी तब बोलना था ना." मला तिनं बसायला सांगितलं नाही. निघताना माझी नजर वर गेली. पत्र्यांवर एकही दगड नव्हता.

तिथून परस्पर मीराकडे गेलो. व्याह्यांच्या खाटेशी बसून, त्यांच्यादेखत, मीरा आणि जावई दोघांना सांगितलं. मीरानं माझ्याकडे पाहिलं आणि स्वयंपाकघरात निघून गेली. ते पाहणं टळावं म्हणून ह्या माणसानं आपलं नाव मातीत घातलं होतं. मी त्यांचा डावा हात धरला. त्यांनी तो सोडवून घेतला आणि बोट वर केलं. मी म्हणालो, "हो व्याहीबुवा, वर सगळं लिहिलेलं आहे." त्यांनी वैतागून मान हलवली, डोळे वटारले आणि पुन्हा बोट वर केलं. "पा... पा..." मी वर पाहिलं. स्लॅबच्या कोपऱ्यात बशीएवढी ओल आली होती.

मी गच्चीवर गेलो. टाकीच्या पाइपाचा जोड ठिबकत होता. ह्या वयात वाकवत नाही, तरी पान्हा मागवून तो आवळला. खाली आलो तेव्हा खाटेजवळच्या स्टुलावर चहाचे दोन कप होते. एकातला चहा मीरा बशीत ओतून त्यांना पाजत होती. दुसरा कोणाचा, हे तिनं सांगितलं नाही आणि माझ्याकडे पाहिलंही नाही. मी उभाच राहिलो. व्याह्यांनी एकदा छताकडे नीट निरखून पाहिलं, मग डाव्या हातानं तो दुसरा कप माझ्या बाजूला सरकवला. थोडा सांडला. मीरानं पदरानं पुसला.