सळईला मी हात लावला नाही

बुधवारच्या बंदोबस्ताची चिठ्ठी मंगळवारी दुपारी चार वाजता आली. दिग्रस ठाण्याची. मजकूर दोन ओळींचा होता. बारा होमगार्ड, सकाळी सात, जिनिंग पॉईंट. प्रभारी, पलटणनायक. म्हणजे मी.

लोक होमगार्डला पोलीस समजतात, म्हणून आधी सांगतो. होमगार्ड म्हणजे पोलीस नाही. रोज आपापला धंदा करणारी माणसं असतात. कोणी शिंपी, कोणी पानठेलेवाला, कोणी शेतकरी. सण, निवडणूक, मोर्चा असला की पोलिसांना माणसं कमी पडतात, तेव्हा चिठ्ठी येते. मग घरची खाकी घालून, लाठी आणि शिट्टी घेऊन हजर व्हायचं. पिस्तूल नाही, बंदूक नाही. गर्दीसमोर पहिले उभे तेच असतात.

मी बोरी अरबचा. सतरा वर्षं पायदळात होतो, हवालदार होऊन निवृत्त झालो. आमच्या घरात माझ्याआधी कोणी दहावीच्या पुढे गेलं नव्हतं. मी फौजेत असतानाच मुक्त विद्यापीठातून बी.ए. केलं. परीक्षेला बसायला दोनदा वार्षिक रजा खर्च केली. त्यामुळे सही करताना नावापुढे बी.ए. लिहायचो. दिग्रसला घर केलं, होमगार्ड पथकात पलटणनायक झालो, तिथल्या रजिस्टरवरही तशीच सही असायची. त्याचा मला अभिमान होता आणि तो मी लपवत नव्हतो.

पथकाला मी फौजेसारखं वळण लावलं. सात म्हणजे पावणेसात. बूट पॉलिश. आणि एक नियम सगळ्यांकडून पाठ करून घेतला. बदली आल्याशिवाय जागा सोडायची नाही.

माझ्या पलटणीत शेख सलीम शेख युसूफ नावाचा होमगार्ड होता. वयाने माझ्यापेक्षा चार वर्षं मोठा. बाकीचे त्याला सलीमभाई म्हणायचे, मी परेडवर 'शेख' म्हणायचो. बसस्टँडमागे त्याचं मोटारपंप दुरुस्तीचं दुकान होतं. त्याआधी नऊ वर्षं तो जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, फिटर होता. तोंडाने फटकळ. माझी सही पाहून एकदा म्हणाला होता, "साहेब, हे बी.ए. कायचं हाय? बूट पालिशचं काय?" पलटण हसली. मी त्याला मैदानाच्या दोन चकरा मारायला लावल्या. त्याने हसत हसत मारल्या.

कापसाची ती वर्षं वाईट होती. खरेदी कधी सुरू व्हायची, कधी बंद, कोणाला सांगता यायचं नाही. त्या बुधवारी मोजणी तिसऱ्या दिवशीही बंद होती. जिनिंगच्या फाटकापासून आर्णी रोडपर्यंत बैलगाड्यांची रांग लागली होती. आम्ही पावणेसातला पोचलो. मी आठ जण रांगेवर लावले, तीन फाटकावर. सलीमला आतल्या शेडच्या दारावर उभं केलं. त्या शेडमध्ये बाया कापसातला काडीकचरा वेचायच्या. शेडसमोर तीस पावलांवर कापसाची मोठी गंजी होती. बाया आत जाताना मीच मोजल्या. सहा. सलीमला सांगितलं, "आत सहा बाया. बाहेरचं कोणी आत जाणार नाही."

"जी साहेब."

गाडीवर बसलेल्या एका म्हाताऱ्याने मला हटकलं. "काय हवालदार, सीमेवरचे दुश्मन सरले काय? आता आमाले पाहून राह्यले?"

"तुमच्याच सेवेसाठी आहे, काका."

"सेवा करा मंग. बैलाले पानी आना."

मी दोन होमगार्डना बादल्या घेऊन पाठवलं. सकाळ अशी गेली.

साडेबाराला ठाणेदार साहेब बहुतेक पोलीस घेऊन आर्णी रोडला गेले. तिथे रास्ता रोको सुरू झाला होता. जाताना त्यांनी एक वॉकी-टॉकी माझ्याकडे दिली. "हवालदार, इथलं तुम्ही पाहा. तुम्ही फौजी माणूस आहात." हे ते बाराही जणांसमोर बोलले. मला बरं वाटलं.

एक वाजून वीस मिनिटांनी गंजीने पेट घेतला. कशाने, ते शेवटपर्यंत कळलं नाही. सलीमने शिट्टी मारली. बाया पाच मिनिटांत बाहेर आणून फाटकाजवळ बसवल्या. एक चाळीसला नगरपरिषदेचा बंब आला. होमगार्डनी गाड्या मागे घेतल्या, बैल सोडले, पाइप धरले. कामात कसूर नव्हती. दोन पस्तीसला ज्वाळा दिसेनाशा झाल्या. गंजी काळी, ओली, वाफा सोडत उभी होती.

सलीम कुठून तरी हातभर लांबीची लोखंडी सळई घेऊन आला. ती त्याने गंजीत खुपसली, थोडा वेळ तशीच ठेवली, मग फडक्यात धरून ओढली आणि माझ्यासमोर केली.

"हात लावून पाहा साहेब."

"काय आहे?"

"आग बुझली नाही जी. हा कापूस हाय, लाकूड नाही. वरून पानी, अंदरून अंगार. गंजी फोडा लागते. फोडून फोडून भिजवा लागते. बंब जाऊ देऊ नका."

मी फौजेत फायर फायटिंगचा पंधरा दिवसांचा कोर्स केला होता. त्यात कापूस नव्हता. पण मागे शेतकरी उभे होते, पलटण उभी होती, आणि सातवी पास मेकॅनिक सगळ्यांसमोर मला शिकवत होता. मला ते खपलं नाही.

सळईला मी हात लावला नाही.

"शेख, आपल्या जागेवर जा."

तेवढ्यात वॉकी-टॉकीवर ठाणेदार साहेबांचा आवाज आला. "जिनिंग पॉईंट, जिनिंग पॉईंट. आगीची पोझिशन सांगा. ओव्हर."

"सर, ज्वाळा नाहीत. ओव्हर."

"ज्वाळा सोडा. आग संपली का? इकडे टायर पेटवले आहेत. बंब सोडता येतो का? हो की नाही, ओव्हर."

सलीम दहा पावलांवर होता. सळई अजून त्याच्या हातातच होती.

"हो सर. आग संपली. ऑल ओके. ओव्हर."

दोन पंचेचाळीसला बंब गेला. माझं 'ऑल ओके' ऐकून जिनिंगच्या मुकादमाने बायांना परत शेडमध्ये घातलं. सलीम दारावर होता, पण त्याची नजर गंजीवरच होती. त्यांच्यातली मंदा नावाची एक जण आत गेली नाही. पदर खोचून माझ्यासमोरून फाटकाबाहेर निघाली.

"काहून वं, भेली काय?" मी विचारलं.

"हव, भेली," ती म्हणाली. "तुमी बसा आत."

फाटकावरचे हसले. मीही हसलो. आत आता पाच बाया आहेत हे मला माहीत होतं. शेडच्या दारावर उभ्या असलेल्या माणसाला ते सांगणं माझं काम होतं. मी सांगितलं नाही. सुचलंच नाही.

तीन वाजून पाच मिनिटांनी सलीमने पुन्हा शिट्टी मारली. मी गेलो. वारा सुटला होता. गंजीची वाफ आता पांढरी नव्हती, पिवळसर होती.

"साहेब, बायांले तं बाहेर काढू द्या."

"कशाला? पुन्हा गोंधळ होईल. गर्दी आत शिरेल."

"होऊ द्या ना गोंधळ. मले हे ठीक दिसून नाही राह्यलं."

"शेख, जागा सोडायची नाही. नियम माहीत आहे ना? बदली येईपर्यंत."

"बदली कवा येते?"

"चारला."

तो हसला. "चारपर्यंत कापूस नाही थांबत जी."

मी वळलो आणि फाटकाकडे आलो. तो जागेवर उभा राहिला. पंचवीस मिनिटं उभा राहिला.

साडेतीनला गंजीचा वरचा थर आत बसला आणि आतून जाळ उसळला. वाऱ्याने तो थेट शेडवर गेला. शेडमध्ये वेचलेला सुका कापूस होता. मी फाटकातून धावलो. सत्तर मीटर अंतर होतं. मी पोचेपर्यंत सलीम आत जाऊन चार बायांना बाहेर ढकलत होता. पाचवीला, कमलाबाईला, त्याने दंडाला धरून ओढून आणलं. तिच्या लुगड्याचा काठ जळत होता. तो त्याने हातानेच विझवला.

मग त्याने बाया मोजल्या. मी ते पाहिलं. बोट दाखवून मोजल्या.

"सहावी?" तो ओरडला.

मी ओरडलो, "नाही! सहावी नाही आत!" पत्रे तडतडत होते. माझा आवाज त्याच्यापर्यंत गेला की नाही, मला माहीत नाही. तो आत गेला. अर्ध्या मिनिटात पत्र्यांसकट छपराची कैची खाली आली.

बंब चार पंधराला परत आला. पाच पन्नासला सलीमला बाहेर काढलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी अकराला माझा जबाब झाला. चौकशीसाठी बाहेरचे अधिकारी आले होते. प्रश्न साधे होते.

"शेडमध्ये जाण्याचा हुकूम तुम्ही दिला होता?"

"नाही सर."

"जागा सोडायची परवानगी दिली होती?"

"नाही सर."

"म्हणजे तो स्वतःहून गेला."

"हो सर."

"आग विझलेली नाही असं कोणी तुमच्या लक्षात आणून दिलं होतं?"

"नाही सर."

पहिली तीन उत्तरं खरी होती. तीन खऱ्यांच्या आडोशाला चौथं खोटं सहज उभं राहिलं. मंदाचं कोणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. जबाबाखाली सही केली. नावापुढे बी.ए. लिहिलं.

होमगार्ड दिनाला आमच्या पथकात ड्यूटीवर जीव गेलेल्यांची नावं वाचतात. त्या वर्षी सलीमचं नाव वाचलं नाही. कर्तव्यस्थान सोडल्याचा शेरा होता. गावात त्याचा अर्थ 'पळाला' असा लावला गेला. पलटणीतली माणसं माझ्याकडे पाहायची, मी परेडकडे पाहायचो. अशी सहा वर्षं गेली.

सातव्या वर्षी कमलाबाई मैदानावर आली. कार्यक्रम संपला होता, खुर्च्या उचलणं चालू होतं. ती सरळ माझ्यासमोर उभी राहिली.

"सलीमभाऊचं नाव काहून नाही घेतलं?"

"बाई, ते वरून ठरतं."

"वरून म्हंजे कुठून? तुमी होते ना तठी? मले दंडाले धरून काढलं त्यानं." तिने बाही वर केली. दंडावर काही नव्हतं. "पळाला म्हंते मानसं. पळनारा आत पळते काय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला सलीमच्या घरी गेलो. सहा वर्षांत पहिल्यांदा. मधल्या काळात पंपाला बेअरिंग हवं असलं तरी त्याच्या दुकानाची वाट टाळून मी दुसऱ्या गल्लीने जायचो.

सलीमच्या बायकोने, शमीमभाभींनी, खुर्ची दिली, पाणी दिलं. मी बोलायला सुरुवात करणार, तेवढ्यात त्या आत जाऊन प्लॅस्टिकच्या पिशवीतला एक कागद घेऊन आल्या.

"भाईसाब, आले तं एक काम करा. हे वाचून सांगा. मले उर्दू येते, ही सरकारी मराठी नाही समजत. मोहल्ल्यातल्या दोघानं वाचला. दोघं बी मधातच थांबले."

चौकशीचा निष्कर्ष होता. मी वाचला. 'सदर होमगार्ड याने वरिष्ठांच्या आदेशाविना नेमून दिलेले कर्तव्यस्थान सोडून...' मी थांबलो नाही, शेवटपर्यंत वाचला. खाली आधार म्हणून माझ्या जबाबाचा उल्लेख होता. नावासकट, बी.ए. सकट. तोही वाचला.

"म्हंजे काय?" त्यांनी विचारलं.

मला माझंच वाक्य सोपं करून सांगावं लागलं. सांगितलं. मग जे कागदात नव्हतं तेही सांगितलं. सळई. तीन वाजून पाच मिनिटं. मंदा.

त्यांनी कागद घडी करून पिशवीत घातला. रडल्या नाहीत, ओरडल्याही नाहीत. एवढंच म्हणाल्या, "तो घरी येऊन तुमची तारीफ करे. म्हने, साहेब कडक हाय, पन पढेलिखे हाय."

मी मान खाली घातली.

"आता दुसरा लिहा," त्या म्हणाल्या. "लिहिता येते ना तुमाले."

मी त्याच दिवशी नवा जबाब लिहिला. तालुक्याला दिला, जिल्ह्याला दिला, दोनदा स्वतः जाऊन भेटलो. प्रकरण बंद झालेलं आहे, असं तोंडी सांगण्यात आलं. लेखी काही मिळालं नाही. मी पलटणनायकपद सोडलं. ती शिक्षा नव्हे, मला कोणी शिक्षा केलेली नाही. पुढच्या होमगार्ड दिनालाही नाव वाचलं गेलं नाही.

म्हणून तो जबाब इथे देतो. जिथे छापला जाईल तिथे छापावा.

मी, तेव्हाचा पलटणनायक, खरं सांगतो की, दोन पस्तीसला सलीमभाईंनी मला आग आत जिवंत असल्याचं सांगितलं आणि बंब थांबवायला सांगितलं. मी तपासलं नाही. दोन चाळीसला मी वॉकी-टॉकीवर आग संपल्याचं खोटं कळवलं. त्यामुळे बंब गेला आणि बाया आत गेल्या. तीन पाचला सलीमभाईंनी बाया बाहेर काढायची परवानगी मागितली. मी नाकारली. एक बाई निघून गेल्याचं मला माहीत होतं. ते मी त्यांना वेळेत सांगितलं नाही.

होमगार्ड शेख सलीम शेख युसूफ, दिग्रस पथक. साडेतीनपर्यंत नेमलेल्या जागेवर उभे होते. नंतर पाच बाया बाहेर काढल्या. सहावीला शोधायला परत आत गेले.