न धुतलेला कंद

श्रावणातल्या एका सकाळी सुमनमावशी धारूरला माझ्या घरी आली. पदरात बांधून आणलेलं रताळं तिनं माझ्या रंगांशेजारी ठेवलं. म्हणाली, "ह्याच्या बाजूला कळलावी काढ. फूल नगं. कंद काढ."

मी वनस्पतींची चित्रं काढते. शोभेची नाहीत, अभ्यासाची, पाकळी न पाकळी मोजून, अगदी मुळासकट. कळलावीचं लाल-पिवळं फूल लई देखणं, पण कंद म्हणजे जहर. मावशीच्या लेकानं, सोपाननं, मागच्या पावसाळ्यात तोच कंद बांधावरून उकरला, भाजून खाल्ला आणि गेला.

"उलट्या करत सांगत व्हता, आई, रताळं खाल्लंय. आन् गाव म्हणतंय, बायकूशी भांडून जीव दिला. त्यो चुकला गं... जीव न्हाई दिला त्यानं."

लोकांच्या जिभेला काही हाड? असा संताप आला की त्याच दुपारी डोंगरावरून कंद खणून आणला. स्वच्छ धुतला, मापं घेतली आणि रताळ्याशेजारी काढला.

चित्र झालं आणि मी ते लांब धरून बघितलं. धुतलेला कंद पांढुरका, सडपातळ, दोन फाट्यांचा. शेजारी गुबगुबीत गुलाबी रताळं. कोण कशाला चुकेल! कंद जरा जाड, जरा गुलाबी केला असता तर कुणाला कळणार होतं... पण हात धजेना.

मावशी चित्राकडे बघत राहिली. "धुऊन कावून काढलास? त्याला काय धुतलेला घावला व्हता?"

आमच्या कामात आधी माती धुवायची, हे इतकं अंगवळणी पडलेलं... पुन्हा डोंगरावर गेले. या वेळी खणताना एक फाटा मोडला, तो तसाच राहू दिला. रताळंही चिखलात घोळलं आणि दोन्ही दिसली तशी काढली.

मावशीनं ते चित्र भिंतीला लावलं. येईल त्याला विचारते, "ह्यातलं रताळं दाव."

काल मी तिथंच होते. तिचा दीर आला. सोपाननं जीवच दिला, असं चारचौघांत मोठ्यानं सांगणारा हाच. त्यानं बेधडक बोट ठेवलं... कळलावीच्या कंदावर.

मावशी मटकन खाली बसली. "बघा भावजी," एवढंच म्हणाली आणि हंबरडा फोडला. दीर मान खाली घालून उभा.

मला बरं वाटायला हवं होतं. पण घरी येईपर्यंत एकच डोक्यात होतं... हे चित्र सोपाननं बघायला हवं होतं.