हिल्डा ब्रॅकेनबरी खोलीबाहेर जाते

आमच्या थॉर्नस्बीत दुःखालासुद्धा आधी विषयपत्रिकेवर यावं लागतं. तिथं नसेल तर त्यावर बोलता येत नाही. नियम सरकारचा आहे, पण तो आमच्याकडे पाळला जातो तो हिल्डा ब्रॅकेनबरीमुळे.

हिल्डा आमच्या पॅरिश कौन्सिलची सभासद. कौन्सिल म्हणजे गावाची सगळ्यात धाकटी पंचायत. बसथांब्याचं छप्पर, स्मशानातलं गवत, गोठलेल्या रस्त्यावर टाकायच्या खडीची पेटी, कुत्र्यांची घाण. याहून मोठं आमच्या हातात काही नाही. मी इथला चिटणीस; मला मत नाही, फक्त हात दुखेपर्यंत लिहायचं. इतकी वर्षं लिहून एवढंच कळलं की माणसं मोठ्या गोष्टींनी मरतात, पण अडतात ती याच असल्या गोष्टींपाशी.

हिल्डा कौन्सिलवर आली ती तक्रार घेऊन. नवीन लग्न झालेलं, बसथांब्यावर पावसात भिजली आणि तणतणत सभेला आली. तेव्हाचे अध्यक्ष म्हणाले, "बाईंचा मुद्दा रास्त आहे. एक जागा रिकामीही आहे." अंगातला ओला कोट निघायच्या आत हिल्डा सभासद झालेली होती. आमच्याकडे सगळे असेच आले. आताचा अध्यक्ष लेन ड्रिंग त्याच्या डुकरांच्या वासाबद्दल खुलासा करायला आला होता. बेसिल टनार्डला वाटलं, पत्त्यांचा डाव आहे. मी खुर्च्या उसन्या मागायला आलो होतो.

गाव यातून शहाणं झालं. तक्रारी गावाला चिक्कार, पण सभेत येऊन कोणी करत नाही. हिल्डाला कुंपणापलीकडून गाठतात, दुकानात गाठतात. एकदा एका मयतीत, शवपेटी खाली सोडत असताना, मागून एकजण तिच्या कानात म्हणाला, "चर्चजवळचा दिवा गेलाय बरं का." तिनं डोळे न उघडता मान डोलावली. दिवा त्याच आठवड्यात लागला.

नियमाला मात्र ती कडक. विषयात स्वतःचे हितसंबंध असतील तर सभासदानं खोलीबाहेर जायचं. बाहेर म्हणजे सभागृहाच्या स्वयंपाकघरात, चहा द्यायच्या खिडकीची झडप लावून. लेनच्या चुलतभावाच्या शेताला लागून असलेल्या गटाराचा विषय आला, तेव्हा हिल्डानं लेनला, म्हणजे खुद्द अध्यक्षाला, बाहेर काढलं होतं. त्यानं आत बसून सगळी बिस्किटं खाल्ली. तेही नंतर सभेत निघालं.

गेल्या शरदात तिचा नवरा आर्नॉल्ड पडला. कमरेचं हाड सांधलं गेलं, पण आता चार पायांचा आधार धरून चालतो. गावानं भाजी पिकवायला वाटून दिलेल्या तुकड्यांत त्याची एक जमीन आहे. लीक म्हणजे कांद्याच्या जातीची लांब दांड्याची भाजी; थॉर्नस्बीतले सगळ्यात जाड लीक त्याचे. तिकडं जाणारी पायवाट एका काटेरी कुंपणापाशी अडते. तिथं लाकडी पायऱ्या आहेत: गुरं अडावीत आणि माणसानं टांग टाकून जावं म्हणून. आर्नॉल्डची टांग आता पडत नाही. दुसरा रस्ता लांबचा, आणि त्यावर बिटाचे ट्रक असे सुटतात की धडधाकट माणूससुद्धा खंदकात उडी मारतो.

उपाय सोपा होता. पायऱ्या काढून फाटक बसवायचं. शेतमालक तयार होता. कौन्सिलचा ठराव तेवढा हवा होता.

जानेवारीत विषय निघाला आणि हिल्डा उठली.

लेन म्हणाला, "कुठं निघालीस?"

"बाहेर. लाभ माझ्या नवऱ्याला आहे."

"अगं, पाच जागांपैकी दोन रिकाम्या. उरलो तिघं. तू गेलीस की दोघं. तिघांशिवाय ठराव होत नाही."

"ठाऊक आहे."

"मग बस की खाली! कोण बघायला येतंय?"

"मी बघतेय," हिल्डा म्हणाली आणि झडप लावून घेतली.

लेन, बेसिल आणि मी बसून राहिलो. बेसिलनं विचारलं, "आता पत्ते काढू का?"

फेब्रुवारीत तेच. मार्चमध्ये तेच. मी तिला म्हणालो, "अशा अडचणीत सवलत मागता येते, हिल्डा. अर्ज दे, मी देतो."

"लेनला दिली होतीस, गटाराच्या वेळी?"

"नाही."

"मग?"

घरी आर्नॉल्ड खिडकीत बसून असायचा. तिथून त्याची जमीन दिसते, हेच वाईट. मी एकदा गेलो होतो तेव्हा हिल्डा सभेहून नुकतीच आली होती.

"झालं का?" त्यानं विचारलं.

"संख्या भरली नाही."

"केव्हा भरेल?"

"नियमानं भरेल."

"लीकची रोपं जूनमध्ये लावायची असतात. ती नियम वाचत नाहीत."

लेननं त्याला डुकरांच्या गाडीतून नेण्याची तयारी दाखवली होती. आर्नॉल्ड म्हणाला, "लेन, तुझी डुकरं त्या गाडीतून कुठं जातात ते मला माहीत आहे." हिल्डा हसली नाही. ती खिडकीपाशी जाऊन उभी राहिली आणि बराच वेळ त्याच्याच डोक्यावरून तिकडं बघत राहिली. त्या घरात दोन माणसं एकाच काचेतून एकच हिरवा तुकडा बघत होती, आणि मध्ये होता तो तिचा स्वभाव.

एप्रिलच्या विषयपत्रिकेसाठी तिनं मला एक ओळ दिली. मी वाचली, पुन्हा वाचली.

"हे लावू गावच्या फळ्यावर?"

"सभासदाला विषय देता येतो. लाव."

ओळ अशी होती: "गावातील डॅफोडिल: फार झाली आहेत काय, याचा विचार करणे."

आता हे सांगायला हवं की थॉर्नस्बीच्या वेशीपासून चर्चपर्यंत रस्त्याच्या दोन्ही कडांना डॅफोडिलची फुलं आहेत. एप्रिलमध्ये गाव पिवळं होतं, इतकं की डोळे दुखावेत. ती सगळी म्युरिएल गुडहँडनं लावलेली. आणि म्युरिएल हिल्डाशी बोलत नाही. गावच्या प्रदर्शनात हिल्डा परीक्षक असताना तिनं म्युरिएलचा रास्पबेरीचा जॅम बाद केला होता, कारण बरणीच्या काचेवर कंपनीचं नाव उठलेलं होतं आणि ते नियमात बसत नाही. जॅम अप्रतिम होता, असं हिल्डानंच नंतर घरोघरी सांगितलं. त्यानं म्युरिएल आणखीच भडकली.

"हे तू मुद्दाम करतेयस," मी म्हणालो.

"मला खरोखर फार वाटतात. पहिल्या वर्षापासून वाटतात."

सभेला अख्खं गाव लोटलं. खुर्च्या पुरल्या नाहीत. लेननं विचारलं, "कोणाला काही बोलायचंय?"

कोणी बोलेना. सगळे संतापलेले, आणि सगळ्यांच्या नजरा टेबलाजवळच्या दोन रिकाम्या खुर्च्यांवर. एका निवृत्त कॅप्टननं तोंड उघडलं, तशी त्याच्या बायकोनं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. तोंड मिटलं. बेसिल खुशीत माझ्या कानात म्हणाला, "पहिला बोलेल तो गेला!"

हिल्डा म्हणाली, "बोलायचं नसेल तर मी माझं मत मांडते. पिवळा रंग थोडा असला तर शोभतो. आपल्या गावाला कावीळ झाल्यासारखी दिसते."

"कावीळ?"

म्युरिएल उभी राहिली होती. हिल्डाकडं न बघता तिनं लेनला सांगितलं, "अध्यक्ष, मिसेस ब्रॅकेनबरींना सांगा, ही फुलं मी गुडघे टेकून लावलीत. चिखलात. यांना फुलात नियम दिसतो, जॅममध्ये नियम दिसतो, उद्या देवाच्या घरी गेल्या तर तिथली दाराची उंची मोजतील."

टाळ्या पडल्या. लेन हळूच म्हणाला, "बाईंचा मुद्दा रास्त आहे. दोन जागा रिकाम्याही आहेत."

म्युरिएलला कळेपर्यंत उशीर झाला होता. बेसिलनं अनुमोदन दिलं. मग सगळे हिल्डाकडं बघू लागले. माझ्या मते तिचा गळ कॅप्टनसाठी होता. लागलं भलतंच. पण तिनं हात वर केला, पूर्ण वर, कोपर सरळ करून.

सही करून म्युरिएल खुर्चीत बसते न बसते तोच हिल्डा म्हणाली, "अध्यक्ष, फुलं मिसेस गुडहँड यांची आहेत. त्यांचे हितसंबंध आहेत. त्यांनी बाहेर जावं."

"काय?"

"स्वयंपाकघर तिकडं आहे," लेन ओशाळून म्हणाला.

म्युरिएल गेली. झडप अशी आपटली की किटलीचं झाकण खाली पडल्याचं बाहेर ऐकू आलं. मतदान झालं. लेन आणि बेसिल म्हणाले, फुलं पुरेशी आहेत. हिल्डा एकटी म्हणाली, फार आहेत. हरली. तिनं मला ते नावानिशी लिहायला लावलं.

पुढचा विषय पायऱ्यांचा. म्युरिएल बाहेर येत होती, हिल्डा आत जात होती. दार अरुंद. दोघी जाड. एक क्षण दोघी दारात अडकल्या आणि कोणीच मागं सरेना. मग हिल्डा तिरकी झाली.

झडप लागली. लेननं म्युरिएलला विषय समजावला. ती बराच वेळ हातमोज्यांची बोटं ओढत राहिली.  आता ती उठून गेली तर पुन्हा दोघंच उरणार होते, आणि तिला ते कळत होतं. मला वाटलं, गेलं फाटक.

"आर्नॉल्ड शरदापासून घरातच आहे?" तिनं विचारलं.

"खिडकीत," लेन म्हणाला.

"दिवसभर? त्या बाईबरोबर?"

"दिवसभर."

"अरे देवा." ती म्हणाली. "फाटक करा. रुंद करा. त्याला एकट्याला जाता आलं पाहिजे, तिनं दार धरायला सोबत जाता कामा नये. आणि आजच करा, चर्चा कसली करताय! माणसाचा काय गुन्हा आहे?"

तीन हात वर गेले. हिल्डाला बोलावलं. लेननं गंभीरपणे निर्णय वाचून दाखवला. ती उभ्यानंच ऐकत होती, कपबशी पुसायचं फडकं हातात.

"अनुमोदन कोणी दिलं?" तिनं विचारलं.

"मी," म्युरिएल म्हणाली. आणि मग, इतक्या वर्षांनी, सरळ तिलाच: "किटलीचं झाकण माझ्या हातून तुटलंय."

"बघितलं," हिल्डा म्हणाली. "विषयपत्रिकेवर नाही. बसा खाली."

फाटक मे महिन्यात बसलं. आर्नॉल्ड आधार सरकवत एकटाच निघाला. हिल्डा त्याच्याबरोबर गेली नाही. फाटकाची कडी त्याला पहिल्यांदा उघडेना, मग उघडली. पलीकडं त्याच्या जमिनीत गुडघाभर गवत माजलं होतं. तो त्यात जाऊन उभा राहिला. कुदळ नव्हती, वाकता येत नव्हतं, करण्यासारखं काहीच नव्हतं. तरी तो उभा होता.

जेवणाची वेळ झाली. तो आला नाही. हिल्डानं खिडकीतून एकदा बघितलं, त्याच्या ताटावर दुसरं ताट उपडं घातलं आणि हाक न मारता आपली खुर्ची खिडकीपासून दूर ओढली.