किसनमिस्त्रींचा जोर

किसनमिस्त्री चहाची बशी दोनच बोटांनी उचलत. एवढा धिप्पाड, तालमीतला गडी, पण कपबशीला भ्यायचा. मी पिंपळगाव राजाला नवी सून म्हणून आले तेव्हा मला हसू आवरेना. सासूबाई म्हणाल्या, "हासू नको. आपल्या घरच्या बश्या त्यायनंच फोडून संपोल्या."

आमच्या मळ्यातलं, विहिरीचं पाणी ओढणारं डिझेल इंजिन तेच दुरुस्त करत. सगळं स्वतः खोलत, पुसत, बसवत. पण वरचं हेड, म्हणजे इंजिनाचं जड झाकण, बसवून बोल्ट आवळायची वेळ आली की पाना बायकोच्या, गोदाबाईंच्या, हाती देत. किडकिडीत बाई ती. समोरासमोरचे बोल्ट आळीपाळीनं, थोडे थोडे आवळत जाई आणि हवं तिथं नेमकी थांबे. बघणारे दात काढत. मिस्त्री म्हणत, "ढिला राह्यला तं पॅकिंग उडते, जास्त झाला तं बोल्ट तुटते. अन् बोल्ट शेवटाले आला का मले कुस्ती आठोते. हात थांबतच नाही."

एका उन्हाळ्यात पारावर कोणीतरी त्यांना बायकोच्या हातातल्या पान्यावरून डिवचलं. मिस्त्री फुशारकीत बोलून गेले, "त्यात काय हाय? थे काम कोनीबी करते." हे घरी पोचायला कितीसा वेळ! "मंग कोनालेबी बोलवा," म्हणत गोदाबाई सोनाळ्याला माहेरी निघून गेल्या.

आणि त्याच आठवड्यात आमच्या इंजिनाचं पॅकिंग उडालं. मिरचीनं माना टाकल्या. सासऱ्यांना घास गोड लागेना. मिस्त्रींनी नवं पॅकिंग घातलं, दबकत दबकत पाना धरला, आणि कडकन बोल्ट तुटला. ते तुकडा हातात घेऊन बसून राहिले. मग सासऱ्यांना म्हणाले, "दादा, उद्यापर्यंत मिरचीले जपा. मले सोनाळ्याले जाच लागते."

आम्ही घागरींनी पाणी घातलं. माझे तर खांदे भरून आले. दुसऱ्या दिवशी उन्हं उतरताना दोघं आली. गोदाबाई पुढे, त्यांचं गाठोडं घेऊन मिस्त्री मागे. वाटेत खामगावात घेतलेला नवा बोल्ट त्यांनी बसवला आणि पाना बायकोपुढे धरला.

"हे काम कोनालेबी जमत नाही," ते म्हणाले.

"इथं काऊन सांगता? पारावर सांगा."

सांगितलं त्यांनी पारावरसुद्धा. पण त्याआधी इंजिन धडधडलं, पाटाला पाणी आलं, आणि सासरे पाटाच्या कडेलाच बसून तोंड धुऊ लागले. मला इतकं हलकं वाटलं की मी नवी सून असल्याचं विसरून मोठ्यानं हसले.

पुढे मिस्त्री थकले. दंड उतरले, पाना जड वाटू लागला. एकदा हेड बसवून झाल्यावर त्यांनी सवयीनं पाना पुढे केला, तर गोदाबाईंनी तो घेतलाच नाही. म्हणाल्या, "तुमीच आवळा. आता तुमचा हात बराबर झाला."

ते आळीपाळीनं आवळत गेले आणि थांबायचं तिथं थांबले. इंजिन सुरू झालं. कुठे थेंबभरही गळालं नाही.

मी चहा नेला. मिस्त्रींनी बशी बाजूला सारली आणि गरम कप पुऱ्या मुठीत धरला.