पेर्दोसाहेबांची अंघोळ

लतिकाबाई धारपांच्या घरात कुठल्याही वस्तूला काळं पडायची सवड मिळत नसे. नळ, दारांच्या मुठी, पाणी प्यायचा तांब्या, सगळं आठवड्यातून एकदा घासून निघायचं. अठ्ठावीस वर्षांपूर्वी मिरजेहून जर्मनीतल्या नेकारसुल्मला येताना त्यांनी दोन साड्या मागे ठेवल्या, पण चिंचेचा गोळा सोडला नाही. नवरा सुधीर गाड्यांच्या कारखान्यात इंजिनियर होता. चार वर्षांपूर्वी तो गेला, आणि घासण्यासारखं घरात फार काही उरलं नाही. एकट्या माणसाची भांडी ती किती पडणार?

मुलगी कौमुदी म्युनिकला. तिचा रविवारी फोन. नात अन्वी आजीचं सगळं मराठी समजायची आणि उत्तर जर्मनमध्ये द्यायची, तेही एका शब्दाचं. एरवी बाईंचं बोलणं सुपरमार्केटच्या गल्ल्यावर व्हायचं. तिथली मुलगी विचारी, "पावती हवी?" बाई म्हणत, "नाइन, डांके," म्हणजे नको, धन्यवाद. झालं, दिवसाचा कोटा संपला.

अपवाद गुरुवारचा. गुरुवारी दुपारी चार वाजता खालच्या मजल्यावर हेर, म्हणजे श्रीयुत, त्सीगलरांकडे कॉफी. त्सीगलर ब्याऐंशी वर्षांचे, विधुर, निवृत्त शाळामास्तर, आणि नाद जुनी पदकं जमवायचा. भिंतभर पदकं. त्यातलं लाडकं म्हणजे तळहाताएवढं चौकोनी ब्राँझ, तव्याच्या बुडासारखं काळं. त्यावर एक मिशाळ फ्रेंच गृहस्थ. खाली कोरलेलं, की हे ऑग्युस्त पेर्दो, पाणीखात्याचे मुख्य अधिकारी, पंचवीस वर्षांच्या सेवेबद्दल सहकाऱ्यांकडून सादर.

"नळाला पाणी सोडलं म्हणून पदक?" लतिकाबाईंनी विचारलं होतं. "आमच्याकडे पाणीखात्याच्या साहेबांना लोक वेगळ्याच शब्दांत ओवाळतात."

त्सीगलर इतके हसले, की त्यांना चष्मा काढून पुसावा लागला. ते हसू बाईंनी पुढे आठवडाभर पुरवून पुरवून वापरलं.

या उन्हाळ्यात त्सीगलरांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि ते तीन आठवड्यांसाठी व्यायामाच्या इस्पितळात गेले. जाताना ऑर्किडना पाणी घालायला किल्ली बाईंकडे दिली. "आल्झो, तर मग, आठवड्यातून एकदाच पाणी. प्रेम जास्त आलं तरी एकदाच!"

दुसऱ्या गुरुवारी पाणी घालून झालं, चार वाजले, आणि बाई सवयीने आपल्या खुर्चीत बसल्या. समोरची खुर्ची रिकामी. उरले भिंतीवरचे पेर्दोसाहेब. बाईंना एकदम कणव आली. एवढा मोठा अधिकारी, आणि कुणी कधी अंग चोळून दिलं नाही! त्यांनी साहेबांना वर नेलं. चिंच लावली, मीठ लावलं, अर्धा तास घासलं. साहेब ताम्हनासारखे लखलखले.

रविवारी मोठ्या हौसेने त्यांनी ते फोनवर कौमुदीला दाखवलं.

"आई! अगं, तो पातिना होता!"

"कोण पुदिना?"

"पातिना! तो काळा थर. लोक त्याचेच तर पैसे मोजतात."

"मळाचे?"

"हो, मळाचे! आता त्सीगलरकाका काय म्हणतील?"

पदकाचं जाऊ दे, बाईंच्या डोळ्यांपुढे गुरुवार उभा राहिला. कौमुदीने इंटरनेटवर उपाय शोधला. उकडलेली अंडी फोडून डब्यात ठेवायची, शेजारी ब्राँझ, झाकण घट्ट. धातू काळा होतो. धारपांच्या घरात जन्मात अंडं आलं नव्हतं. बाईंनी सहा आणली. दोन दिवसांनी झाकण उघडलं, तर साहेबांचं कपाळ निळं, एक मिशी काळी आणि दुसरी तशीच नव्या नवरीसारखी चमकत होती. बाईंनी त्यांना तसंच परत खाली नेऊन खिळ्यावर लावलं.

शनिवारी त्सीगलर काठी टेकत परतले. ऑर्किडं बघून खूश झाले, मग भिंतीकडे वळले. पदक काढून नाकाशी नेलं.

"फ्राउ धारप, याला अंड्याचा वास का येतोय?"

बाईंनी सगळं सांगितलं. चिंचेला जर्मन शब्द सापडेना, म्हणून "आंबट फळ" म्हणाल्या. त्सीगलर हळूच खाली बसले.

"हे माझ्या वडिलांचं होतं. याला कुणी बोटसुद्धा लावत नसे." मग म्हणाले, "किल्ली टेबलावर ठेवा. मला जरा एकट्याला बसू द्या."

रविवारी कौमुदी म्हणाली, "आई, तसंच दुसरं मिळतंय का ऑनलाइन बघू?"

"शेजारी कुठे मिळतो का तेवढं बघ," लतिकाबाई म्हणाल्या.

सोमवार, मंगळवार, बुधवार त्या पत्रपेटी उघडून बघत होत्या. चिठ्ठी नव्हती. गुरुवारी दुपारी त्यांनी विचार केला: या देशात अठ्ठावीस वर्षं काढून आपल्याला एवढं तरी कळलंय, की ठरलेली वेळ रद्द असेल तर तसं कळवतात. कळवलं नाही, म्हणजे ठरलेलं ठरलेलंच. त्यांनी क्षमेची सात वाक्यं व्याकरण तपासून पाठ केली आणि चाराला बेल वाजवली.

दार लगेच उघडलं. त्सीगलर नुसते बाजूला झाले. टेबलावर दोन कप होते. भिंतीवर पेर्दोसाहेबांच्या जागी नुसता खिळा.

कॉफी झाली. सातातलं एकही वाक्य बाहेर पडलं नाही. पाच वाजत आले, तेव्हा त्सीगलर कॅलेंडरकडे बघत म्हणाले, "पुढच्या गुरुवारी चार वाजता मला दाताच्या डॉक्टरकडे जायचंय."

बाईंनी मान खाली घातली. म्हणजे हे असं कळवतात तर.

"म्हणून पाच वाजता या."

"गेनाऊ, अगदी बरोबर," बाई कशाबशा म्हणाल्या. "पाच."

वर येऊन त्यांनी घड्याळ पाहिलं. पाच वाजून पाच मिनिटं. सात दिवसांतली पाच मिनिटं तर गेलीसुद्धा.